‘तितकेच’ : एका शब्दाचे गणितातील चरित्र

युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या आरंभी जी सर्वसामान्य गृहीतके येतात, त्यांच्या रूढ क्रमात चौथे आणि पाचवे एकमेकांना लागून आहेत. चौथ्याचा आशय असा, की ज्या वस्तू एकमेकींवर तंतोतंत बसतात त्या समान होत. पाचव्याचा असा, की पूर्ण हे आपल्या अंशाहून मोठे असते. ही दोन विधाने जवळजवळ दोन सहस्र वर्षे एकाच पानावर नांदली. त्यांच्यात वितुष्ट येऊ शकेल अशी शंका ज्यांना आली, त्यांनीही ती बहुधा अनंताची कल्पनाच त्याज्य ठरविण्यासाठी वापरली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात अनंत संचांविषयी जो वाद पेटला, त्याची हकीगत सामान्यतः नाट्यरूपात सांगितली जाते. गेऑर्ग कँटर हा द्रष्टा, लिओपोल्ड क्रोनेकर हा सनातनी प्रतिस्पर्धी, आणि अखेर सत्याचा विजय, असा तो कथाबंध आहे. त्याला लोकप्रियता लाभली यात नवल नाही. परंतु मूळ संहिता, पत्रे आणि शीर्षके बारकाईने वाचू लागले की तो अपुरा पडतो. हा वाद अनंत आहे की नाही एवढ्यापुरता नव्हता. ‘तितकेच’ या अगदी घरगुती शब्दाचा अर्थ कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावयाचा, हा त्यातील अधिक चिवट प्रश्न होता आणि तो पुरता मिटलेला नाही.

मराठीत ‘तितके’ हा शब्द ‘जितके’ या जोडीदाराशिवाय उभा राहत नाही. वाक्यात जोडीदार नसला तरी तो अध्याहृत असतो. समसंख्यत्वाची कल्पना मोजण्यापूर्वी जोड्या लावण्यात आहे, हे जणू भाषेनेच नोंदवून ठेवले आहे. गोटलोब फ्रेगेने १८८४ च्या ‘अंकगणिताची मूलाधारे’ या ग्रंथात हाच मुद्दा खानसाम्याच्या उदाहरणाने मांडला. मेजावर जितक्या ताटल्या तितक्याच सुऱ्या आहेत ना, हे पाहण्यासाठी खानसाम्याला काहीही मोजावे लागत नाही. प्रत्येक ताटलीच्या उजव्या हाताला एकेक सुरी ठेवत गेले की झाले. पंगतीत प्रत्येक पानामागे एक पाट मांडणाऱ्यालाही हे ज्ञान असते. गणिताच्या परिभाषेत यालाच एकास-एक संगती म्हणतात.

पंगतीच्या या व्यवहारात आणखी एक गोष्ट गृहीत असते आणि ती सहसा उच्चारली जात नाही. एकदा मांडणी करून पाहता एक पाट उरला, तर कोणत्याही क्रमाने पुन्हा मांडले तरी एक पाट उरणारच. उरणे हे मांडणीवर अवलंबून नाही. सांत जगात ही खात्री इतकी अभंग आहे, की ‘जोड्या पुरतात’ आणि ‘काही उरत नाही’ या दोन निकषांना दोन नावे देण्याची गरजच भासत नाही. अनंत समुदायांच्या बाबतीत ही खात्री सुटते. १, २, ३, ४... या नैसर्गिक संख्यांपुढे सम संख्या ठेवताना २ पुढे २, ४ पुढे ४ अशी मांडणी केली तर सर्व विषम संख्या उरतात. १ पुढे २, २ पुढे ४, ३ पुढे ६ अशी केली तर एकही उरत नाही. दोन्ही मांडण्या निर्दोष आहेत. कोणती खरी मानावी, हे संख्यांकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळत नाही.

गॅलिलिओने ही अडचण १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या संवादग्रंथात नोंदविली. त्या वेळी तो आर्चेत्री येथे स्थानबद्ध होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती. ग्रंथातील साल्व्हियाती प्रथम सिंप्लिचिओकडून कबूल करून घेतो, की वर्गसंख्या सर्व संख्यांहून कमी आहेत. वर्ग नसलेल्या संख्या तर पावलोपावली भेटतात. मग तो विचारतो, वर्ग किती? जितकी वर्गमुळे तितके. आणि वर्गमुळे किती? प्रत्येक संख्या कोणत्या तरी वर्गाचे मूळ असतेच. म्हणजे जितक्या संख्या तितकी. तेव्हा वर्ग संख्यांइतकेच ठरले. उलट १०० पर्यंतच्या संख्यांत वर्ग १०, म्हणजे दहावा हिस्सा. १०,००० पर्यंत १००, म्हणजे शंभरावा. १०,००,००० पर्यंत १,०००, म्हणजे हजारावा. पुढे जावे तसे ते विरळ होत जातात. साल्व्हियाती यातून जो निष्कर्ष काढतो तो मोठा संयत आहे. समान, अधिक, उणे ही विशेषणे सांत राशींपुरतीच. अनंताला ती लावू नयेत. गॅलिलिओने येथे शब्दालाच कामावरून कमी केले, असे म्हणता येईल. लायब्निझ याच कोड्यावरून पुढे जाऊन असे म्हणाला, की सर्व संख्यांची मिळून एक पूर्ण अशी संख्या असूच शकत नाही.

मराठीत अनंताविषयी लेखन करताना या टप्प्यावर ईशावास्योपनिषदाच्या शांतिपाठाचा दाखला देण्याची प्रथा आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील खहर राशीचाही देता येईल. शून्याने भागलेल्या त्या राशीत काही मिळविले वा तीतून काही वजा केले तरी ती बदलत नाही आणि भास्कराचार्य तिची तुलना अच्युताशी करतात. जैनांच्या अनुयोगद्वारसूत्रात तर संख्येय, असंख्येय आणि अनंत असे वर्ग व त्यांचे पोटभेदही आहेत. हे दाखले आदरणीय असले तरी त्यांनी प्रस्तुत वादाचे पूर्वसूरित्व पत्करावे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तेथे काढून घेतल्यावरही न उणावणे हा विस्मयाचा विषय आहे. जोड्या लावून ‘तितकेच’ म्हणावे काय, हा प्रश्नच तेथे उपस्थित झालेला नाही. कँटर आणि डेडेकिंड यांच्या हाती त्याच विस्मयाची व्याख्या झाली आणि वादाला तोंड फुटले ते तेव्हा.

त्याआधी मात्र एक विचारवंत या उंबरठ्यावर उभा राहून जाणीवपूर्वक मागे फिरला. बर्नार्ड बोल्झानो प्रागचा. धर्मशास्त्राचा अध्यापक आणि धर्मगुरू. आपल्या मतांपायी सम्राटाच्या आज्ञेने तो १८१९ मध्ये पदच्युत झाला. १८४८ मध्ये तो वारला आणि ‘अनंताचे विरोधाभास’ हे त्याचे पुस्तक त्याचा शिष्य प्रिहोन्स्की याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. बोल्झानो प्रत्यक्ष अनंताचा कैवारी होता, हे येथे महत्त्वाचे आहे. अनंत समुदाय पूर्ण स्वरूपात आहेत आणि त्यांच्याविषयी सुसंगत विधाने करता येतात, हे त्याला मान्य होते. शून्य ते ५ आणि शून्य ते १२ यांमधील सर्व राशींचा विचार तो करतो. पहिल्यातील प्रत्येक राशीला बारा पंचमांशाने गुणले की दुसऱ्यातील एक राशी मिळते आणि प्रत्येक राशीला नेमका एक जोडीदार लाभतो. एकास-एक संगती इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी त्यापूर्वी मांडली असेल. तरीही बोल्झानो म्हणतो की एवढ्यावरून हे दोन समुदाय समसंख्य ठरत नाहीत. समत्व सिद्ध व्हावयाचे तर अन्य काही आधार हवा; उदाहरणार्थ, दोन्ही समुदाय एकाच रीतीने निर्धारित झालेले असावेत.

गणिताच्या इतिहासकारांनी बोल्झानोला ‘जवळ येऊन हुकलेला’ ठरविले. हा निवाडा विजेत्याच्या परिभाषेत दिलेला आहे. बोल्झानोची दृष्टी कोठे अधू नव्हती. त्याने संगती पाहिली आणि ती काय विसरते हेही पाहिले. शून्य ते ५ हा खंड शून्य ते १२ या खंडाच्या पोटात आहे, ही गोष्ट जोड्या लावणारी रीत विसरते. हे विसरणे सोसावयाचे की नाही, हा निर्णयाचा भाग होता. बोल्झानोने ‘नाही’ असा निर्णय दिला. त्याला त्यातून मोठी उपपत्ती उभारता आली नाही हे खरे. पण निष्फळ ठरणे आणि चुकणे यांत अंतर आहे, आणि वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला तरी ते वेगळे सांगावयास नको.

१८७३ च्या २९ नोव्हेंबरला हाले येथील अठ्ठावीस वर्षांच्या कँटरने ब्राउनश्वाइगच्या रिखार्ट डेडेकिंडला एक पत्र लिहिले. नैसर्गिक संख्यांचा समुदाय आणि वास्तव संख्यांचा समुदाय यांच्यात एकास-एक संगती लावता येते काय, असा त्यात प्रश्न होता. वास्तव संख्या म्हणजे रेषेवरील सर्व बिंदूंना मिळणाऱ्या संख्या. पूर्णांक, अपूर्णांक आणि ज्यांचा दशांश विस्तार कधी संपत नाही व पुनरावृत्तही होत नाही अशा अपरिमेय संख्याही त्यांत येतात. डेडेकिंडने उत्तर देता येत नसल्याचे कळविले. पूर्णांक सहगुणकांच्या समीकरणांची उत्तरे असणाऱ्या, म्हणजे बैजिक, संख्यांची मात्र अशी संगती लागते हे त्याने सिद्ध करून पाठविले आणि मूळ प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व फारसे नसल्याने त्यावर अधिक श्रम घेण्याजोगे नाही, असेही सुचविले. ७ डिसेंबरला कँटरची सिद्धता आली. वास्तव संख्यांची अशी संगती लागत नाही. दुसऱ्याच दिवशी डेडेकिंडने ती सोपी करून परत पाठविली.

या आठवडाभरात अनंत ही एकच एक गोष्ट उरली नाही. त्याचे किमान दोन प्रकार झाले. गॅलिलिओने ‘अधिक’ हे विशेषण अनंतापासून काढून घेतले होते. ते येथे प्रथमच सिद्धतेसह परत आले. एरवी हे घडले नसते तर ‘तितकेच’ची नवी व्याख्या ही एक निरुपद्रवी लहर ठरली असती. सगळेच अनंत परस्परांशी जुळते असते, तर जुळण्याला अर्थच राहिला नसता. काही जुळत नाहीत म्हणून जुळणे अर्थपूर्ण झाले. अर्थ भेदातून निष्पन्न होतो हे तत्त्व सोस्यूरपासून समीक्षेला परिचित आहे. त्याचे इतके निर्भेळ उदाहरण भाषाविज्ञानाबाहेर क्वचितच सापडेल.

आणि तरीही १८७४ मध्ये क्रेलेच्या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकात या शोधाचा मागमूस नाही. शीर्षक केवळ ‘सर्व वास्तव बैजिक संख्यांच्या समुदायाच्या एका गुणधर्मा’विषयी बोलते. म्हणजे डेडेकिंडने पुरविलेला भाग दर्शनी आला. वास्तव संख्यांचा सिद्धान्त आत, जणू एका जुन्या प्रमेयाची नवी सिद्धता देण्याचे साधन म्हणून. बर्लिनमधील वातावरण आणि वायरश्ट्रासचा सल्ला यांचा निर्देश कँटरने पत्रात केला आहे. क्रोनेकरची नजर चुकविण्यासाठी हे शीर्षक योजले, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. डेडेकिंडचे नाव निबंधात कोठेही नाही. पत्रव्यवहाराचा मोठा भाग एमी न्योटर आणि झां काव्हाय्येस यांनी १९३७ मध्ये संपादून प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे हा निबंध दोन हातांनी लिहिला गेल्याचे उघड झाले. शीर्षकाने आशय झाकणे आणि कर्तृत्व एकाच नावाखाली गोठणे या गोष्टी साहित्यसंहितांपुरत्या मर्यादित नाहीत.

१८७७ चा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. चौरसातील बिंदू आणि त्याच्या एका बाजूवरील बिंदू यांची एकास-एक संगती लागेल काय, हा प्रश्न कँटरने १८७४ च्या जानेवारीतच विचारला होता. जूनमध्ये त्याने होकारार्थी सिद्धता पाठविली. चौरसातील बिंदूचे दोन सहनिर्देशक दशांशांत लिहावयाचे आणि त्यांचे अंक आळीपाळीने ओवून एकच दशांश तयार करावयाचा. डेडेकिंडने लगेच त्यातील फट दाखविली. ०.५ आणि ०.४९९९... हे एकाच संख्येचे दोन वेष असल्यामुळे रेषेवरील काही बिंदू जोडीदारावाचून राहतात. कँटरने २५ जूनला वेगळ्या, बऱ्याच अवघड मार्गाने दुरुस्ती केली आणि उत्तर न आल्याने २९ जूनला पुन्हा लिहिले. त्या पत्रात, जर्मन मजकुराच्या मध्येच फ्रेंचमध्ये, आपल्याला हे दिसते आहे पण विश्वास बसत नाही असे तो म्हणतो. हे उद्गार पुढे अनंताच्या साक्षात्काराने दिपलेल्या प्रतिभावंताचे म्हणून अजरामर झाले. फर्नांदो गूव्हेआ याने २०११ मध्ये या पत्राचे जे वाचन केले ते अधिक पटते. निष्कर्षावर त्याचा विश्वास होता. एकदा फट निघालेल्या सिद्धतेवर तो नव्हता, आणि म्हणून डेडेकिंडची मोहोर त्याला हवी होती. संदर्भ कापला की वाक्य कसे दंतकथा होते, याचा हा नमुना आहे.

डेडेकिंडचे २ जुलैचे उत्तर मात्र दंतकथेत येत नाही, वास्तविक ते यावयास हवे होते. सिद्धता निर्दोष आहे, असे तो कळवितो आणि लगोलग बजावतो, की ही संगती संतत नाही. जवळचे बिंदू ती दूर फेकते. सांतत्याची अट घातली तर रेषा ती रेषा आणि पृष्ठ ते पृष्ठच राहील. बोल्झानोचाच आक्षेप वेगळ्या आणि अधिक पक्व रूपात येथे प्रकट होतो. जोड्या लावणारी रीत शेजार विसरते. डेडेकिंडने मात्र ‘तितकेच’ हा शब्द नाकारला नाही. तो कशाविषयी बोलतो आणि कशाविषयी मूक असतो, तेवढे नेमून दिले. त्याची अपेक्षा १९११ च्या सुमारास ब्राउवरने सर्व मितींसाठी सिद्ध केली. हाच ब्राउवर पुढे कँटरच्या वारशाचा सर्वांत कडवा विरोधक झाला.

१८७८ मध्ये हा निबंध छापून आला तेव्हा त्यात संगती लागणाऱ्या समुदायांना समान ‘सामर्थ्या’चे म्हणण्याची परिभाषा होती; हा शब्द कँटरने भूमितिज्ञ श्टाइनरकडून उचलला होता. छापण्यास झालेल्या विलंबामागे क्रोनेकरचा हात असल्याचा संशय कँटरला आला आणि त्या नियतकालिकात त्याने पुन्हा लिहिले नाही. दहा वर्षांनी डेडेकिंडने निर्णायक पाऊल उचलले. ‘संख्या काय आहेत आणि कशासाठी आहेत’ या १८८८ च्या पुस्तिकेत त्याने अनंताचीच व्याख्या केली. जो समुदाय आपल्याच एखाद्या खऱ्या अंशाशी एकास-एक जुळतो, तो अनंत. गॅलिलिओला ज्याने गप्प केले तेच लक्षण झाले. असा समुदाय अस्तित्वात आहे हे दाखविण्यासाठी त्याने दिलेला दाखला चकित करणारा आहे. आपल्या विचारांचे विश्व घ्यावे. प्रत्येक विचाराविषयी ‘हा माझ्या विचाराचा विषय होऊ शकतो’ असा आणखी एक विचार असतो. पण स्वतःचा ‘मी’ हा अशा प्रकारे मिळणारा विचार नाही, आणि म्हणून हे विश्व स्वतःच्या एका अंशाशी जुळते. गणिताच्या पायात आत्मचिंतनाचा दगड बसविण्याचा हा प्रयत्न फार टिकला नाही. विसाव्या शतकात अनंत संचाचे अस्तित्व सरळ गृहीतक म्हणून मांडले जाऊ लागले. व्याख्या पुरेशी नसून अस्तित्व वेगळे मागावे लागते, एवढी कबुली त्यात आहे.

क्रोनेकरचा विरोध येथे नीट समजून घ्यावयास हवा. त्याच्या तोंडी असलेली बहुतेक झणझणीत वाक्ये इतरांच्या आठवणींतून आली आहेत. पूर्णांक ईश्वराचे आणि बाकी सारे माणसाचे, हे प्रसिद्ध वचनदेखील त्याच्या मृत्यूनंतर हाइनरिख वेबरने नोंदविलेले. (प्वांकारेने संचसिद्धान्ताला रोग म्हटले, ही तशीच एक सांगीवांगी, जेरेमी ग्रे याने १९९१ मध्ये तिचा उगम तपासून ती संशयास्पद ठरविली.) क्रोनेकरची छापील मागणी अधिक रुक्ष आणि अधिक बळकट आहे. एखादी व्याख्या तेव्हाच स्वीकारार्ह, जेव्हा दिलेली वस्तू तिच्यात बसते की नाही हे मोजक्या पायऱ्यांत ठरविण्याची रीतही तिच्यासोबत येते. नाव देणे पुरेसे नाही. नावाखालची वस्तू ओळखता आली पाहिजे. कँटरने १८८३ मध्ये याच्या अगदी उलट टोकाला उभे राहून लिहिले, की गणिताचे सार त्याच्या स्वातंत्र्यात आहे. संकल्पना आत्मविसंगत नसावी आणि आधीच्या संकल्पनांशी तिचे नाते सुस्पष्ट असावे, इतकेच बंधन. एका बाजूला नामकरणाचे उत्तरदायित्व, दुसऱ्या बाजूला नामकरणाचे स्वातंत्र्य. कँटरला धर्मशास्त्राचीही चिंता होती. १८८६ मध्ये त्याने कार्डिनल फ्रान्झेलिनशी पत्रव्यवहार करून आपले वर्धिष्णू अनंत आणि ईश्वराचे निरपेक्ष अनंत यांतील भेद मान्य करून घेतला.

१८९१ मध्ये हाले येथे जर्मन गणितज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या सभेत कँटरने जी सिद्धता मांडली, ती आज विकर्ण-युक्ती म्हणून ओळखली जाते. तिला संख्याही लागत नाहीत. दोनच अक्षरे घ्यावीत. कँटरने रोमन लिपीतील ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ घेतली होती; येथे ‘म’ आणि ‘व’ म्हणता येतील. या दोन अक्षरांच्या, कधीही न संपणाऱ्या ओळींची कोणीही कोणतीही यादी करावी. मग पहिल्या ओळीतील पहिले अक्षर उलटावे, दुसरीतील दुसरे, तिसरीतील तिसरे. अशा उलटलेल्या अक्षरांची जी नवी ओळ तयार होते ती यादीतील प्रत्येक ओळीहून किमान एका जागी वेगळी असते. म्हणजे यादी अपुरी आहे. कोणतीही यादी अपुरीच असते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रोनेकर वारला.

गणितातील फार थोड्या युक्तिवादांवर इतके हौशी हल्ले झाले असतील. तर्कशास्त्रज्ञ विल्फ्रिड हॉजेस याने संपादक या नात्याने आपल्याकडे आलेल्या अशा खंडनलेखांचा परामर्श १९९८ च्या एका निबंधात घेतला. नेहमीचा आक्षेप असा, की नवी ओळ सापडली तर ती यादीच्या माथ्यावर चढवावी, काम झाले. तसे केल्याने यादी बदलते आणि तिच्यावर तीच युक्ती पुन्हा चालते. मूळ विधान एका यादीविषयी नव्हते, कोणत्याही यादीविषयी होते. ‘कोणतीही’ आणि ‘ही एक’ यांतील व्याकरणाचा भेद हुकला की असे होते. हा आक्षेप चुकीचा आहे आणि त्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या आसपास आणखी एक आक्षेप घोटाळत असतो. ती विकर्णाची ओळ कधी पूर्ण होते? यादी तरी कधी पूर्ण ‘दिलेली’ असते? हा आक्षेप चूक म्हणून बाजूला सारता येत नाही. तो एक भूमिका आहे.

ही भूमिका ब्राउवरने १९०७ च्या ॲम्स्टरडॅममधील प्रबंधापासून घेतली. त्याने विकर्ण-युक्ती नाकारली नाही. दिलेल्या यादीबाहेरची वस्तू घडविण्याची रीत म्हणून ती त्याला मान्यच होती. अशा समुदायांना त्याने ‘गणनीय-अपूर्ण’ म्हटले. त्यांची यादी करू गेले असता ती सदैव वाढविता येते, इतकेच तिथे कळते; या यादीपलीकडे एक अधिक ‘मोठा’ पूर्ण संच शांतपणे पसरलेला आहे, हे वाक्य त्यातून निघत नाही. गणित ही मनाची कालगत कृती असून भाषा तिची केवळ सावली आहे, असे मानणाऱ्या ब्राउवरला, विधान खरे नसेल तर खोटे असलेच पाहिजे हा तर्कनियमही अनंताच्या प्रांतात विश्वासार्ह वाटेना. हिल्बर्टने १९२५ च्या म्युन्स्टर येथील व्याख्यानात कँटरने निर्मिलेल्या नंदनवनातून कोणी आपल्याला घालवू शकणार नाही, अशी ग्वाही दिली. १९२८ मध्ये ब्राउवरलाच एका प्रमुख नियतकालिकाच्या संपादक मंडळातून घालविण्यात आले. त्याच मंडळावर असलेल्या आइन्स्टाइनने या भांडणाला बेडूक-उंदरांची लढाई म्हटले आणि अंग काढून घेतले. प्राचीन ग्रीकांच्या एका विडंबनकाव्याचे हे नाव आहे. उपमा चपखल असली तरी ती वादाच्या वर्तनाला लागू पडते, विषयाला नाही.

विट्गेन्श्टाइनने १९३९ च्या केंब्रिज व्याख्यानांत हिल्बर्टच्या त्या रूपकाला दिलेले प्रत्युत्तर वेगळ्या जातीचे होते. कोणाला तेथून हाकलण्याचा आपला विचार नाही. ते नंदनवन नव्हेच एवढे दाखवावे, म्हणजे लोक आपापल्या पायांनी बाहेर पडतील, असा त्याचा रोख होता. ऐकणाऱ्यांत ॲलन ट्युरिंग होता आणि त्याने वेळोवेळी हुज्जतही घातली. १९५६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या गणितविषयक टिपणांत विट्गेन्श्टाइन विकर्ण-युक्तीकडे वळतो तेव्हा तो तिची एकही पायरी खोडत नाही. त्याची हरकत सिद्धतेच्या भोवतालच्या गद्याला आहे. सिद्धता सांगते की अमुक प्रकारची यादी करता येत नाही. गद्य सांगते की वास्तव संख्या नैसर्गिक संख्यांहून संख्येने अधिक आहेत. दुसरे वाक्य पहिल्याचा अनुवाद असल्याचा आव आणते आणि ‘अधिक’ या शब्दाच्या दैनंदिन वापरातील सारे वैभव नकळत पदरात पाडून घेते. दगडांच्या राशी मोजल्याप्रमाणे अनंतांच्या राशी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. बहुतेक गणितज्ञांनी ही टिपणे अडाणी म्हणून झटकली. काही ठिकाणी ती तशी आहेतही. पण सिद्धता आणि तिचे भाषांतर यांतील हे अंतर समीक्षेच्या व्यवसायात असलेल्यांना अपरिचित वाटू नये.

कँटरचा निर्णय अपरिहार्य होता काय, हा प्रश्न उरतोच. कुर्ट गोडेलने १९४७ च्या निबंधात त्याला होकारार्थी उत्तर दिले. त्याचा युक्तिवाद असा : वस्तूंचे गुणधर्म कितीही बदलले तरी त्यांची संख्या बदलू नये, एवढे मान्य केले की एकाच्या जागी एक वस्तू ठेवून एका संचाला दुसऱ्याशी अभेद्य करता येते आणि मग दोन्ही समसंख्य म्हणण्यावाचून गत्यंतर नसते. पाओलो मांकोसू याने २००९ मध्ये दाखविले, की हे अपरिहार्यत्व गृहीतकातच दडलेले आहे. ‘गुणधर्म बदलले तरी चालेल’ असे म्हणणे म्हणजे काय विसरावयाचे ते आधीच ठरविणे. मांकोसूने अंश-पूर्ण तत्त्व सोडण्यास राजी नसलेल्यांची मध्ययुगापासूनची परंपराही उभी केली. बोल्झानो तीत एकाकी राहत नाही.

या परंपरेला आता गणिती रूपही मिळाले आहे. व्हियेरी बेंची आणि माउरो दि नास्सो यांनी २००३ मध्ये नैसर्गिक संख्यांच्या संचांसाठी मोजणीची एक पर्यायी रीत मांडली. तीत अंश नेहमी पूर्णाहून लहानच राहतो. वर्गसंख्या सर्व संख्यांहून खरोखरीच कमी भरतात आणि सिंप्लिचिओची पहिली कबुली योग्य ठरते. बेरीज-गुणाकाराचे नियमही सांत संख्यांसारखेच चालतात, जे कँटरच्या अनंतांत चालत नाहीत. तेथे अनंतात एक मिळविला तरी तेच अनंत राहते. येथे एकाने वाढते. किंमत मात्र द्यावी लागते. एकास-एक संगती लागली म्हणून दोन संच समान म्हणता येत नाहीत, आणि संचाची मोजणी त्यातील घटक कोणत्या टप्प्याटप्प्याने मोजावयाचे त्या नेमणुकीवर अवलंबून राहते; बोल्झानोने मागितलेला ‘अन्य आधार’ अशा रीतीने बाहेरून पुरवावा लागतो. तोही सर्व काही ठरवीत नाही. सम संख्या विषम संख्यांइतक्याच भरतात, की त्यांच्याहून एकाने कमी? सर्व नैसर्गिक संख्यांची मिळून होणारी अनंत संख्या स्वतः सम असेल तर पहिले, विषम असेल तर दुसरे. ती सम आहे की विषम, हे या उपपत्तीत सिद्ध होत नाही. दोन्ही पर्याय सुसंगत आहेत. त्यांपैकी एक निवडून पुढे जावे लागते.